येळवसेला ‘वेळ’ कुणी चिकटवली?

प्रश्न असा आहे: ‘लातूरकडे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात जो सण असतो, तो “वेळ अमावस्या” लिहावा की “वेळा अमावस्या”? आणि कॅलेंडरवरच्या “दर्शवेळा”चा अर्थ काय?’

दोन्ही लिहू नये. येळवस लिहावं. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या माणसाच्या तोंडी तेच आहे आणि बरोबरही तेच आहे. ‘दर्शवेळा अमावस्या’पुढे तर हात जोडावेत. दर्श म्हणजेच अमावस्या. दर्शपूर्णमास यज्ञातला दर्श तोच. म्हणजे आधी अमावस्या, मध्ये काहीतरी, पुन्हा अमावस्या. (अमावस्या की अमावास्या यावरून मात्र भांडू नका. दोन्ही रूपं पाणिनीनेच चालवून घेतली आहेत.)

सणाचं वर्णन करत बसत नाही. कडब्याची खोप, चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि न खाल्लेल्याला सांगून उपयोग नाही. माझा राग आहे तो डिसेंबर लागला की छापून येणाऱ्या खुलाशांवर: ‘काळ्या आईसाठी वेळ काढण्याचा दिवस म्हणून वेळ अमावस्या’. अहो, शेतकरी बाकीचे दिवस काय करत असतो?

हा शब्द कन्नड आहे. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी, विजयपुराकडे याच दिवशी हाच सण होतो आणि त्याचं नाव आहे ‘एळ्ळ अमावास्ये’. एळ्ळु म्हणजे तीळ. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो तसं कर्नाटकात ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटतात, त्यातला एळ्ळु हाच. पितरांना तिलोदक द्यायची तिथी अमावस्या आणि थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी; नाव तिळाचं पडलं यात नवल नाही. कन्नड तोंडात शब्दारंभीच्या ‘ए’चा ‘ये’ होतो. येळ्ळ अधिक आपली अवस-पुनवेतली अवस, झाली येळवस.

मग ‘वेळ’ कुठून आली? शिकलेल्यांकडून! गावात वेळेला येळ म्हणतात, वेड्याला येडा, वेशीला येस. शाळा शिकलेल्या कुणीतरी ‘येळवस’ ऐकलं, त्याला ते गावंढळ वाटलं, आणि येळ शुद्ध करून त्याने वेळ केली. अशुद्ध नसलेल्याचं शुद्धीकरण! पुढे ‘वेळ’ही कमी भारदस्त वाटली असावी, म्हणून ‘वेळा’, आणि शेवटी ‘दर्श’चं शेपूट पुढून लावलं. यात आश्चर्य एवढंच की हे घडलं कन्नडच्या दारात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा तर 1982 चा. शेजाऱ्याला विचारलं असतं तरी भागलं असतं.

काही विद्वान कन्नडपर्यंत पोचतात आणि तिथे घसरतात. त्यांच्या मते येळ म्हणजे ‘सात’, कारण ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या. बेरीज बरोबर आहे, व्याकरण नाही. कन्नड सात म्हणजे ‘एऽळु’, ए लांब आणि ळ एकटा. तिळातला ए आखूड आणि ळ जोड. शिवाय ‘सातवी’ म्हणायला ‘एळनेय’ लागतं. आणि ज्येष्ठापासूनच का मोजायचं? कारण चैत्रापासून मोजलं की सात येत नाहीत.

आता खरी गंमत. पूजा झाली की आंबील शेतभर शिंपडत जातात. याला ‘चर शिंपणं’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘चरग’. तेव्हा ओरडायचं असतं: ‘ओलगे ओलगे सालम पोलगे!’ गावागणिक रूपं फिरतात. पलीकडे ‘हुल्लुल्लिगो सलांब्रिगो’ असं काहीसं ऐकू येतं. ही निरर्थक आरोळी आहे असं लिहिणाऱ्यांनी तमिळ खळ्यावर जाऊन यावं. तिथे मळणीच्या वेळी ‘पोलियो पोलि’ अशी हाक घालतात. (देवनागरीत लिहिलं की लसीकरणाची मोहीम वाटते, त्याला इलाज नाही.) पोलि म्हणजे भरभराट, धान्याची रास. नम्माळ्वार या तमिळ वैष्णव संतकवींचं एक पद ‘पोलिक पोलिक पोलिक’ असंच सुरू होतं: वाढो, वाढो, वाढो.

जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. पालु-हालु म्हणजे दूध, पुलि-हुलि म्हणजे वाघ. तसं पोलिचं ‘हुलुसु’ झालं. आजही कन्नडमध्ये जोमदार पिकाला हुलुसु म्हणतात. आणि शेवटचा ‘गे’? ‘सिरिगन्नडं गेल्गे’ ही घोषणा आठवा: कन्नडचा विजय होवो. तो ‘गे’ म्हणजे आपला ‘-ओ’, होवो, वाढो यातला. तेव्हा माझं मत असं की पोलगे म्हणजे ‘पिको, वाढो’, आणि ओलगे म्हणजे तोच शब्द, आधी ‘प’चा ‘ह’ होऊन आणि मग मराठी तोंडात तो ‘ह’ही गळून. एकाच आरोळीत एका शब्दाची दोन वयं शेजारी शेजारी उभी आहेत!

हे पुरणपोळीचं ‘होळिगे’ आहे असं सांगणारे भेटतात. त्यात ळ आहे, आरोळीत ल आहे, आणि त्या दिवशी मान असतो भज्जीचा. उरलं ‘सालम’. कन्नड ‘चेल्लु’ म्हणजे शिंपडणं आणि ‘अंबलि’ म्हणजे आंबील. ‘सलांब्रिगो’त मला हीच जोडी दिसते आणि ‘सालम’ हे तिचंच झिजलेलं रूप वाटतं. ज्यांना त्यात निजामाचा सलाम ऐकू येतो त्यांनी एवढंच सांगावं की आंबिलाचं भांडं हातात धरून सलाम करायचा तो कुठल्या हाताने.