कायदा-प्रश्नोत्तरे : अटकेचं कारण कागदावर मागा

प्रश्न : भावाला सकाळी ‘चौकशीसाठी’ नेलं, अटक मात्र रात्री दाखवली. कारण विचारलं तर फक्त कलमं सांगितली. आता काय करता येईल?
— एक वाचक

उत्तर : नुसती कलमं सांगणं म्हणजे कारण सांगणं नव्हे. राज्यघटनेच्या कलम २२(१) प्रमाणे अटकेचं कारण सांगावंच लागतं. ‘पळून जाईल’, ‘पुराव्यात ढवळाढवळ करील’ ही कुठल्याही आरोपीला चिकटवता येणारी छापील वाक्यं त्यासाठी पुरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली स्पष्ट केलं. त्या माणसानं नेमकं काय केल्याचा आरोप आहे, ते हवं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं : गुन्हा कोणताही असो, कारण लेखी हवं आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवं. अटकेच्या क्षणी लिहून देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी कोर्टापुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. मात्र कागद देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, तेव्हा सुटका झाली म्हणजे खटला संपला असं समजू नका.

हा आक्षेप पहिल्या रिमांडलाच घ्या आणि कोर्टाच्या नोंदीत येईल असं पाहा. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. त्यावरची वेळ वाचल्याशिवाय सही करू नका.

खरी गडबड या वेळेतच होते. कलम २२(२) प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलंच पाहिजे. रविवार ही सबब नाही. ‘चौकशी’चे तास यातून गाळता यावेत म्हणून अटक उशिरा दाखवली जाते. माणूस प्रत्यक्षात कधीपासून अडकला होता, हे दाखवायचं काम मग तुमच्यावर येतं. फोनवरचे निरोप जपा, ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. हे चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मोफत मिळते.

प्रश्न : ‘एमपीडीए’खाली, म्हणजे धोकादायक व्यक्तींच्या कारवाया रोखण्याच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलेल्याला २४ तासांचा नियम लागत नाही म्हणतात. खरं का?

उत्तर : दुर्दैवानं खरं. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत आताचं कलम २२ मांडलं, तेव्हाच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा (पुढे गुन्हा करील म्हणून आधीच कोंडण्याचा) अपवाद त्यात होता. पण त्यालाही मुदतींचं कुंपण आहे. एमपीडीएत हुकमाची कारणं पाच दिवसांत द्यावी लागतात, सरकारची मंजुरी १२ दिवसांत यावी लागते, प्रकरण तीन आठवड्यांत स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडे जावं लागतं आणि मंडळाचा अहवाल स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत यावा लागतो. कमाल स्थानबद्धता १२ महिने. एक मुदत चुकली तरी हुकूम कोसळू शकतो.

म्हणून हुकमाविरुद्धचं निवेदन ताबडतोब द्या : हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला मंजुरीआधी, शिवाय सरकारला आणि मंडळाला. पोच घ्या, उत्तराला झालेला अकारण उशीर हाही मुद्दा ठरतो. कागद कळणाऱ्या भाषेत नसतील तर भाषांतर लेखी मागा. महाराष्ट्रातल्याच एका स्थानबद्धाला इंग्रजी कारणं देऊन हिंदी भाषांतर नाकारलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली त्याला सोडलं. गुन्ह्याचा त्रास एखाद्यालाच झाला, की परिसराची सार्वजनिक सुव्यवस्था ढळली, हेही तपासा. पहिल्या प्रकाराला साधा फौजदारी कायदा पुरेसा असतो आणि असे हुकूम उच्च न्यायालयात टिकत नाहीत. तिथे कलम २२६ खालची हेबियस कॉर्पस (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, अशी मागणी करणारी) याचिका कुटुंबातलं कुणीही करू शकतं.

प्रश्न : आणीबाणी आली तर हे सगळं थांबतं का?

उत्तर : १९७६ साली थांबलं होतं, आणीबाणीत हेबियस कॉर्पस याचिकाच करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं. वेगळं मत न्या. हंसराज खन्ना यांचं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. कलम २२ ला मात्र ते संरक्षण नाही.