घरच्या लॅपटॉपला कुठली विंडोज, कुठला ब्राउझर आणि कुठला अँटीव्हायरस?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: लॅपटॉप २०१७ चा, सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. मिसेस त्यावर टॅली करतात, वडील बँक आणि सातबारा बघतात, मुलगा आठवीत आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला दुकानदार म्हणतोय, तीन वर्षांचा अँटीव्हायरस घ्या, वर विंडोज ११ पण चढवून देतो. आणि तुम्ही विचारताय, अँटीव्हायरस कुठल्या कंपनीचा घेऊ?

कुठल्याच कंपनीचा घेऊ नका. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपचं ऑफिस बघतो. तिथले पीसी तर माझ्याकडे आहेतच, शिवाय पाहुण्यारावळ्यांत कुणाचाही लॅपटॉप अडला की फोन मलाच येतो. या सगळ्यात दिसतं ते एकच, लोक शेवटचा प्रश्न आधी विचारतात. पहिला प्रश्न हा, की तुमच्या विंडोजला सिक्युरिटी अपडेट येतायत का?

विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे विंडोजमध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला आता आपणहून कुणी येणार नाही. दुकानदार म्हणेल, म्हणून तर अँटीव्हायरस घ्या. २०१७ चा वॉनाक्राय, फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर), आठवतोय का? १२ मे ला तो जगभर पसरला, हॉस्पिटलांची कामं अडली. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या मशीनला त्या वाटेनं धक्का लागला नाही. अँटीव्हायरसचं काम व्हायरस ओळखणं, विंडोजची भोकं बुजवणं नाही. विंडोज १० सोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसला व्हायरसच्या नव्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण त्यावरून मशीन २०२८ पर्यंत सुरक्षित आहे असं समजू नका.

तुमच्यासाठी आजचा मार्ग दुकानात नाही, सेटिंगमध्ये आहे. घरगुती विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना काढली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. आधी व्हर्जन २२एच२ आहे का बघा. मग विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल’चं बटण शोधा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंगचं सिंक (सेटिंग खात्यावर जपून ठेवणं) चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. खातं उघडायचा कंटाळा अनेकांना असतो, मलाही आहे, पण या अपडेटसाठी एवढं चालतंय.

आता ‘विंडोज ११ चढवून देतो’ याबद्दल. ती नियमानं चढायला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना विंडोज अस्सल आहे का ते तपासणं). तुमच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, चालू होईलही, पण प्रोसेसर यादीत बसत नाही. दुकानदार तपासणीला बगल देऊन इन्स्टॉल करेल, ते अवघड नाही, चालेलही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाचं मोठं अपडेट आलं की पुन्हा तीच बगल, पुन्हा दुकानाची पायरी. ज्यावर घरचे हिशेब चालतात त्या मशीनवर मी हे करणार नाही.

आणि चढवताना ‘अ‍ॅक्टिव्हेट पण करून देतो’ (लायसन्सशिवायच विंडोज पक्की करून देतो) म्हणाला तर जास्तच सावध राहा. फुकट अ‍ॅक्टिव्हेट करणारी ती छोटी प्रोग्रामं चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. मी बघितलेल्या बहुतेक बिघडलेल्या मशीनचा आजार तिथूनच सुरू झाला होता. एका दुकानातून (नाव राहू दे) पाहुण्यांचा पीसी आला, तर त्यात डिफेंडर कायमचा बंद करून वर पैसे घेऊन दुसरा अँटीव्हायरस घातलेला. त्या अँटीव्हायरसमध्ये अ‍ॅक्टिव्हेटरचा फोल्डर ‘तपासू नये’ म्हणून नोंदवलेला! काय बोलणार.

विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. बाहेरचा अँटीव्हायरस घातला की तो आपोआप बाजूला होतो, म्हणजे तुम्ही पैसे देऊन एकाच्या जागी दुसरा बसवता, दोन पहारेकरी होत नाहीत. डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे, बहुतेक ठिकाणी ती बंद असते. ती चालू करून टॅलीच्या डेटाचा फोल्डर त्यात घाला. टॅली अडली तर तिला परवानगी द्या, एकदाच द्यावी लागते.

फुकटच्या अँटीव्हायरसबद्दल एवढंच, की अवास्टनं ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या कंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. बरं, नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा हे चारही आता एकाच मालकाचे आहेत, त्यामुळं ‘यातला कुठला’ हा प्रश्नच फारसा उरत नाही. क्विक हीलबद्दल मला आपुलकी आहे. काटकर बंधू सातारा जिल्ह्यातले, कंपनी पुण्यात वाढली, आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस फिरायचे त्या काळात तिनं आपल्याकडची पुष्कळ मशीन वाचवली. पण आपुलकी हे तीन वर्षांचे पैसे भरायचं कारण होत नाही. दहा-वीस पीसी एका जागेवरून सांभाळायचे असतील तर विकतचा अँटीव्हायरस कामाचा आहे.

ब्राउझर दोन ठेवा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आतून क्रोमियम या एकाच गाभ्यावर उभे आहेत. वेगळा म्हणावा असा फायरफॉक्स. इकडंतिकडं फिरायला फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची जादा सोय) घाला. क्रोमनं ते जुन्या रूपात चालणं बंद केलं, आता तिथं हलकी आवृत्ती मिळते, फायरफॉक्समध्ये मात्र पूर्ण चालतं. मुलगा गेम नाहीतर फॉन्ट शोधायला गेला की पानावर चार ‘डाउनलोड’ची बटणं दिसतात, त्यातली तीन जाहिरातीची. ती दिसलीच नाहीत तर निम्मी भानगड तिथंच मिटते. दुसरा एज, फक्त बँक आणि सरकारी कामासाठी, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. एखादी जुनी सरकारी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, त्यासाठी जुनं काही उकरून काढू नका.

वडिलांच्या बाबतीत धोका व्हायरसचा कमी आणि फसवणुकीचा जास्त आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले’ असं येत असेल तर ती ब्राउझरची नोटिफिकेशन असते. कुठल्या तरी साइटवर त्यांनी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. कितीही स्कॅन केलं तरी ती जात नाही. साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून सगळं काढून टाका आणि विचारणंच बंद करा. बँकेचा पत्ता गुगलवर शोधू देऊ नका, बुकमार्क करून द्या. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’नं संपणारे पत्ते घ्यायला लावलेत, आपल्याकडच्या सहकारी बँकांनाही, तेवढी शेपटी बघायची सवय लावा. आणि फोनवर कुणी एनीडेस्कसारखं (आपलं मशीन दुसऱ्याला लांबून चालवू देणारं) काही टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सबद्दल कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. त्यातलं लिनक्स मिंट मला आवडतं. २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि जुन्या मशीनवर ते छान पळतं. मराठीही नीट लिहिता येतं, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येत असेल तर पहिल्या दिवसापासून. पण टॅली विंडोजचीच आहे. मिसेसना जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावावा लागत असेल तर तो लिनक्सवर चालवताना त्या तुम्हाला घराबाहेर काढतील. हा लॅपटॉप पुढं मुलाकडं गेला की मग मिंट टाका.

अँटीव्हायरसचे वाचलेले पैसे एसएसडीला, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कला, घाला. लॅपटॉप ‘व्हायरसमुळं स्लो’ झालाय असं जे वाटतं, ते बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळं असतं. काढलेली हार्ड डिस्क केसमध्ये घालून टॅलीचा बॅकअप तिच्यावर घ्या. काम झालं की केबल काढून ती वरच्या मजल्यावर ठेवा. जोडून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअर पण खातं, आणि तळमजल्यावर ठेवलेल्याचं काय होतं ते २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं दाखवलंय.

पुढं मशीन बदलाल तेव्हा सेकंडहँड चालेल, फक्त प्रोसेसरचा आकडा वाचा. आय-५ च्या पुढं ६२०० असेल तर सहावी पिढी, ८२५० आठवी, १०२१० दहावी. आठवीच्या खालचं फुकट मिळालं तरच घ्या. दुकानातच सेटिंगमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडायला सांगा. तिथं ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’चं वाक्य दिसलं तर बहुधा तोच फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर आत बसलाय. तो लॅपटॉप तिथंच ठेवून या.