कोर्समधले भरतकामाचे आणि छपाईचे नमुने पडून आहेत, त्यांचं काय करता येईल?

भरतकाम, ब्लॉक प्रिंट, बांधणी असे मिळून साठेक नमुने, टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी पिशवी अकरा वर्षं माळ्यावर होती. सदाशिव पेठेतून कोथरूडला आलो तेव्हा ती टेम्पोतून उतरवताना सासूबाई म्हणाल्या, "हे चिंध्यांचं गाठोडं पण आणलंस?" तेव्हा कुठे मी हलले.

अख्खा नमुना वाचवायचा हट्ट आधी सोडा. आठ इंचांच्या चौकोनात बघण्यासारखे तीनच इंच असतात. जुन्या लग्नपत्रिकेतून सुताराच्या गुण्यासारख्या दोन काटकोनी पट्ट्या कापा, त्यांची चौकट करून कापडावर सरकवत राहा. चौकटीत चांगलं दिसेल तेवढं खडूने आखा आणि चहूबाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवा.

लगेच कात्री मात्र लावू नका. मी साखळी टाक्याची एक वेल अशीच मधून कापली. साखळीचं शेवटचं टोक सुटलं की ती सरसर उसवते. माझी अर्धी वेल बोटातच आली. आता आधी उलट बाजूने पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवते, आखलेल्या रेषेवर मशीनची बारीक टीप मारते आणि टिपेच्या बाहेरून कापते. इस्त्री करताना खाली जाड टॉवेल आणि भरतकाम पालथं, नाहीतर गाठी चपट्या होतात. बांधणीला पेस्टिंग नकोच. तिच्या चुण्या गेल्या तर उरलं काय?

भरतकामाच्या तुकड्यांचं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे आठ कोपऱ्यांचं सुईघर, सुया-टाचण्या टोचून ठेवायची छोटी उशी. फ्रेंच लोक त्याला बिस्कॉर्नू म्हणतात. वर नमुन्याचा तुकडा, खाली त्याच मापाचं साधं सुती कापड, दोन्हींची माया आत दुमडलेली. गंमत अशी की कोपऱ्याला कोपरा लावायचा नाही. वरच्या चौकोनाचा कोपरा खालच्याच्या बाजूच्या बरोबर मध्यावर धरायचा आणि तिथून हातानेच शिवत निघायचं. दर कोपऱ्याशी कापड आपोआप वळतं. पहिले दोन कोपरे होईपर्यंत काहीतरी चुकतंय असंच वाटतं, तरी उसवू नका. शेवटी इंचभर तोंड ठेवून लोकरीचे बारीक तुकडे ठासून भरा. कापूस दबून त्याचा गोळा होतो. तोंड शिवलं की मधोमध आरपार सुई घालून दोन्हीकडे एकेक बटण आवळायचं, म्हणजे पोटात खळी पडते. गेल्या संक्रांतीला मी वाण म्हणून हीच लुटली. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरी.

ब्लॉक प्रिंटचे बुकमार्क होतात, आत बकरम, म्हणजे कडक कापड, घालून. बटणं, लेस, बकरम रविवार पेठेत मिळेल. सोबत तुमचा तुकडा न्या, घरी आल्यावर रंग हमखास वेगळा निघतो.

आणि फसलेले नमुने? ते वाकळीत. जुन्या सुती साडीच्या घडीवर हवे तसे पसरा आणि धावदोरा घाला. कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून शिवायला घेतात आणि गोल फिरत आत येतात. तसं केलं तर तुकडे मोजून कापावे लागत नाहीत, जागा उरेल तसा पुढचा तुकडा खुपसायचा. दोरा मात्र सगळीकडे एकाच रंगाचा घ्या. मी लाल घेतला.