ग्राफिक्स कार्ड सहा महिने थांबेल, पॉलिसी बारा दिवसच थांबेल

प्रश्न : वय २७, नाशिकला नोकरी, हातात ४६,००० रुपये येतात, खर्च जाऊन १२,००० उरतात. पीसी २०१८ चा आहे : आय५-८४०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (६ जीबी), ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), फुल एचडी मॉनिटर. ५८,००० चं आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? स्ट्रीमिंग सुरू केलं की हप्ता सुटेल. क्रेडिट कार्डावर ८८,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (दरमहा भरायची किमान रक्कम) कधी चुकवलेला नाही. त्यातले ५०,००० पॉलिसीचा पहिला हप्ता आहे. बँकेतल्या मॅडमनी ‘एफडीपेक्षा चांगली’ म्हणून ती दिली. पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर भरला. १८ दिवसांपूर्वी पॉलिसी ईमेलवर आली. १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १० लाख मिळतील.

उत्तर : पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे १२ दिवस उरलेत, म्हणून ग्राफिक्स कार्डाचं नंतर बोलू.

अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. कंपनीच्या ईमेलवर पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लुकमध्ये रद्द करत आहे’ एवढं एक वाक्य आणि रद्द केलेला चेक पाठवा. तोच कागद विमा कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्या. पुढच्या हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना असेल तर तीही बंद करा. मॅडमचा फोन येईलच, ‘तीन वर्षं तरी भरा’ म्हणतील. तुमचे ३० दिवस त्या फोनमध्येच जातात. कंपनीने टोलवाटोलवी केली तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका. मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विमाछत्राचा खर्च कापून जवळजवळ सगळे पैसे परत येतात. ते बचत खात्यात आले तर त्याच दिवशी क्रेडिट कार्डाला भरा.

‘एफडीपेक्षा चांगली’चा हिशेब बघा. ५ लाख भरून १० लाख, म्हणजे दुप्पट. पहिला हप्ता २० वर्षं, शेवटचा ११, म्हणजे प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. दुप्पट व्हायला लागणारा दर काढायची सोपी रीत म्हणजे ७२ ला वर्षांनी, इथे १५.५ ने, भागा : परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. एवढं देणारी एफडी कुणी शोधायलाही जात नाही. आणि हा हप्ता तुम्ही वर्षाला ४२ टक्क्यांच्या उधारीवर भरलात! पॉइंट मिळालेच तर काहीशे रुपयांचे. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म विमा घ्या.

आता क्रेडिट कार्डाची बाकी. महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ८८,००० वर महिन्याला साधारण ३,६०० रुपये जातात. ५ टक्के धरून मिनिमम ड्यू ४,४००. मुद्दल फिटतं ८०० रुपये. मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी वाचते. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजावर.

नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याज असतंच. ते सवलत म्हणून आधी वजा दाखवतात, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मिळून हजारभर तुमच्याकडून जातात, रोखीची सूटही बुडते. हप्ता ४,८५० चा, तो मिनिमम ड्यूत मिळवला जातो. १२,००० पैकी सव्वानऊ हजार संपले.

त्याऐवजी पॉलिसीचे पैसे कार्डात गेले की बाकी ३९,००० च्या आसपास राहते. दरमहा १२,००० टाका, नवी खरेदी डेबिट कार्डावर करा. चौथ्या महिन्यात फिटतं, पाच हजार उरतातही. सहाव्या महिन्याअखेर २९,००० हातात, कुणाचं देणं नाही.

स्ट्रीमिंगचं उत्पन्न हिशेबात शून्य धरा. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं वॉच टाइम लागतं. स्ट्रीमिंगसाठी व्हिडिओ तयार करणारा एनव्हेंक एन्कोडर तुमच्या १०६० मध्येही आहे. आज रात्री सुरू करा, नव्या ग्राफिक्स कार्डावाचून काहीही अडलेलं नाही.

५०७० मात्र सहा महिन्यांनीही नको. ते २५० वॉट खातं, एनव्हिडिया त्यासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते. तो बदलला की फुल एचडीवर सहा थ्रेडचा (एका वेळी सहाच कामं करणारा) आय५ अडतो, मग नवा प्रोसेसर, मग नवा मदरबोर्ड, आणि ५८,००० चे लाख होतात. तोवर एक चाचणी करा : आफ्टरबर्नर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावून खेळताना जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर पाहा. तो ९७-९९ टक्के असेल तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतंय, आणि नवं कार्ड घालून फ्रेम वाढणार नाहीत. ८ जीबीची दुसरी स्टिक तशीही हवीच, त्यामुळे ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं, मिळेल.

ग्राफिक्स कार्डच घ्यायचं ठरलं तर रॅमसकट २५,००० ची मर्यादा ठेवा आणि आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल बघा. १७० वॉट लागतात आणि ते पूर्ण १६ लेन (बोर्डाशी डेटा नेण्याचे मार्ग) वापरतं. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० या जुन्या, हळू जोडणीचा आहे, त्यावर लेन कमी असल्या की फटका बसतो. आरटीएक्स ५०६० ला आठच लेन आणि ८ जीबी मेमरी, ती भरली की गेम अडखळतो. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आहे का आणि त्याला ८ पिनची केबल आहे का, तेही बघा. स्थानिक कंपनीचा असेल तर आधी तोच बदला. जुनं घेत असाल तर बिल आणि सिरीयल नंबरवरून वॉरंटी तपासा, जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये चिप खरी आहे ना पाहा, आणि विक्रेत्यासमोर अर्धा तास फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवा. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर त्यात राबलेली बरीच कार्डं बाजारात आली, तीही ‘फक्त गेमिंगला वापरलेलं’ म्हणूनच विकली जातात.