कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यावर कॉलेज किंवा नोकरी परत सुरू करताना ऑनलाइन सपोर्ट ग्रुपचा उपयोग होतो का?

हो, नक्की होतो, फक्त ग्रुप आपल्या वयाच्या लोकांचा बघा, कारण परीक्षा, इंटरव्ह्यू, सीव्हीमधली गॅप हे प्रश्न साठीतल्या पेशंटला नसतात, म्हणून तर कॅन्सरच्या उपचारांत १५ ते ३९ वयाच्या पेशंटचा वेगळा गट धरतात. मी कॅन्सर पेशंट्सचं काउन्सेलिंग करते, सगळ्यात जास्त छळतो तो झोप काढूनही न जाणारा थकवा आणि केमोनंतर वाचलेलं लक्षात न राहणं, हा आळस नाहीये, कित्येक महिने टिकू शकतं, आणि ग्रुपमध्ये ते कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सुरुवातीला कमी तास कसे मागायचे, बॉसला किती सांगायचं तेही कळतं. पण औषधं किंवा नवीन लक्षणांबद्दल ग्रुपवर विचारत बसू नका, थेट डॉक्टरांना विचारा.