सपाट रस्त्यावर बघायचं काय?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे सिडनीला चाललोय. जावईबापूंचा बेत आहे की तिथून ॲडलेडला गाडीनंच जायचं. पहाटे निघून एका दमात पोचायचं. विमान दोन तासांत पोचवतं. रस्ता म्हणे नुसता सपाट, बघण्यासारखं काही नाही. शिवाय हिला दर दोन तासांनी उतरावं लागतं. काय करावं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, गाडीनंच जा. पण एका दमात मुळीच नाही. अंतर जवळपास १४०० किलोमीटर आहे. पहिला मुक्काम वॅगा वॅगा, दुसरा मिल्ड्युरा, तिसऱ्या दिवशी ॲडलेड. जावयाला वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.

भावाबरोबर मी हा रस्ता केलाय. गुंडगाईच्या पुढे ह्यूम हायवे सोडून स्टर्ट हायवे धरतात. तुमच्या महिन्यात वॅगाच्या आसपास कनोला फुललेला असतो. आपल्या मोहरीच्याच कुळातला. पिवळं रान डोळ्यांत मावत नाही. नरंडेरानंतर झाडं विरळ होत जातात आणि हेय गावाच्या अलीकडेच खरं सपाट सुरू होतं. आपण माळव्याची माणसं ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ऐकत वाढलेली. इथे हेय ते बालरनाल्ड सुमारे १३० किलोमीटर वाटेत धड गाव नाही. पेट्रोल आणि पाणी हेयलाच भरून घ्या, काकूंचं उतरणंही तिथेच उरका. पुढे विसाव्याच्या जागा आहेत, पण माशा फार.

बघायचं काय? मधे कुठेतरी गाडी बाजूला घेऊन खाली उतरा. राखाडी-निळसर पानांची झुडपं दिसतील, ती सॉल्टबुश. मी एक पान चावून बघितलं. घोळीच्या भाजीसारखं खारट! मेरिनो मेंढ्या त्यावर जगतात. लांबवर हिरवी झाडांची रेघ दिसली की समजायचं, तिथून मरंबिजी नदी वाहतेय. १८३० च्या सुमारास चार्ल्स स्टर्ट नावाचा शोधप्रवासी याच नदीतून होडीनं मरे नदीत उतरला. हायवेला नाव त्याचंच. आणि समोरून येणारा गाडीवान स्टीअरिंगवरचं एकच बोट उचलेल. तो त्यांचा रामराम. तुम्हीही उचला, फुकट आहे.

आता धोक्याचं. तुम्ही पश्चिमेला चाललाय, म्हणजे दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यांत. सरळ रस्त्यावर झापड येते ती वेगळीच, म्हणून चालवणारा दोन तासांनी बदला. काकूंची गरज इथे कामालाच येईल. दिवेलागणीला आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, गाडी वळवायची नाही. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा; काही करारांत गावाबाहेर रात्री चालवल्यास विमा लागू होत नाही. अडचणीत फोन ०००.

शेवटचं, खाण्याचं. रेनमार्कच्या अलीकडे यांबाला दक्षिण ऑस्ट्रेलियाचा तपासणी नाका आहे. फळमाशीच्या भीतीनं फळं, टोमॅटो, अगदी हिरव्या मिरच्यासुद्धा पुढे नेऊ देत नाहीत. सापडलं तर दंड. मिल्ड्युराची संत्री तिथेच खाऊन संपवा. शेव मात्र खुशाल न्या. नाका ओलांडला की घड्याळ अर्धा तास मागे.