आजोबांना पाहून रडणारे बाळ

प्रश्न : आमचा मुलगा साडेसात महिन्यांचा आहे. परवापरवापर्यंत तो कोणाकडेही हसत जात असे. आता गावाहून आलेल्या आजोबांनी उचलून घेतले, की ओठ काढून रडू लागतो. आजोबा खट्टू होतात आणि ‘पोर भित्रे निघणार’ असे घरात बोलले जाते. त्याला भावना कळाव्यात म्हणून हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे किंवा मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले बाळ भित्रे नाही. या वयात रोजचे चेहरे आणि परके चेहरे यांतला फरक मुलांना पक्का कळू लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी भेटणारे आजोबा त्याच्या लेखी तूर्त परकेच आहेत.

चित्रातला चेहरा बाळाला उत्तर देत नाही, म्हणून त्याचा उपयोग थोडा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात केलेल्या प्रयोगात आई बाळाशी खेळता खेळता एकाएकी निर्विकार चेहऱ्याने बसून राही. बाळे आधी हसून, हात हलवून तिला बोलते करू पाहत. ते साधले नाही, की मान फिरवत आणि पुष्कळदा रडू लागत. इतक्या लहान जिवालाही आपल्या भावनेला उत्तर हवे असते. एक वर्षाखालील मुलांना मोबाईल-टीव्हीचा पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019मध्ये सांगितले आहे.

त्यापेक्षा पदराआडचा ‘बुवा-कुक’ खेळा. ‘आई कुठे गेली?’ असे म्हणून क्षणभर थांबा. बाळाचे पाय हलायचे थांबतात, डोळे पदराच्या काठावर खिळतात. ही त्याची हुरहुर, आणि तुमचा चेहरा दिसताच फुटणारे हसू ही त्या हुरहुरीतून झालेली सुटका. त्याने मान वळवली किंवा डोळे चोळले, तर मात्र खेळ तिथेच थांबवा. अशा वेळी मोठी माणसे हमखास आवाज चढवून खेळ लांबवतात. कृपा करून तसे करू नका, तो आपणहून वळेपर्यंत वाट पाहा. रडला, तर ‘काही झालं नाही’ असे न म्हणता ‘आजोबांनी एकदम घेतलं, दचकलास ना?’ असे म्हणा. शब्द त्याला आज कळणार नाहीत, पण सूर कळतो. एवढ्या वयाचे बाळ चेहऱ्याकडे पाहतच नसेल किंवा हसतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे.

आजोबांना चार हात लांब सतरंजीवर बसू द्या, बाळ तुमच्या मांडीवर असू द्या. त्यांनी त्याला हाक न मारता वाटीत चमचा वाजवत राहावे, आणि तुम्ही त्यांच्याशी मोकळेपणी बोलावे, कारण बाळ आधी तुमचा चेहरा पाहील, मग त्यांचा. चमचा घ्यायला ते स्वतः पुढे झुकले, तरी आजोबांनी त्या दिवशी त्याला उचलू नये. फक्त चमचा द्यावा.